आपा, एक विचारू? : ईद झाली की आठ दिवसांत सगळं पहिल्यासारखं

प्रश्न : आपा, सलाम. मी मिरजेचा, वय 26, सांगलीच्या मार्केट यार्डात बेदाण्याच्या दुकानात कामाला आहे. दर रमजानला ठरवतो की आता सुधारायचं, पाची नमाज, शिव्या बंद, अम्मीवर ओरडणं बंद. ईद झाली की आठ दिवसांत सगळं पहिल्यासारखं. परवा दोस्त म्हणाला, नमाज पढून कुणी बदलत नसतं, ती नुसती सवय आहे. राग आला पण उत्तर सुचलं नाही. आणि अजून एक, बॉक्स भरताना आम्ही वर चांगला माल लावतो नि काळपट खाली ढकलतो, सगळेच करतात, पण हल्ली ते टोचतंय. दीनमुळे (धर्मामुळे) माणूस खरंच सुधारतो का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : वालेकुम सलाम बाळा. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा 'टोचतंय' या शब्दावर थांबले. ज्याला टोचतं त्याचं ईमान जागं आहे, म्हणून आपण नमाजेच्या आधी त्या बॉक्सचंच बोलू.

मदिनेच्या बाजारात पैगंबरसाहेब (स.) धान्याच्या एका ढिगापाशी थांबले, ढिगात हात घातला आणि बोटांना ओल लागली. वर कोरडं, आत भिजलेलं. विचारलं हे काय, तर विकणारा म्हणाला पावसात भिजलं. मग ते म्हणाले, भिजलेलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं, जो फसवतो तो आमच्यातला नाही. ही हदीस, म्हणजे पैगंबरसाहेबांची ही आठवण, सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात आहे. आता तूच बघ, तुझ्या बॉक्सचीच गोष्ट आहे की नाही ती? आणि कुरआनात तर मापात मारणाऱ्यांवर अख्खी सूरह (अध्याय) आहे, मुतफ्फिफीन, 83 वी, स्वतः घेताना पुरेपूर घेतात आणि दुसऱ्याला मोजून देताना कमी देतात अशांचा धिक्कार करूनच ती सुरू होते. मला विचारशील तर मुसलमान म्हणून माणूस किती वाढला हे आधी काट्यापाशी बघावं, मशिदीतली पहिली सफ (रांग) नंतर. मालक ऐकेल न ऐकेल, पण तुझ्या हातानं भरलेल्या बॉक्समध्ये वर-खाली एकच माल, एवढं तर तुझ्या हातात आहे, आणि काळपट माल वेगळा काढून त्याचा भाव वेगळा लावता येतो की, गिऱ्हाईक त्यालाही असतंच.

आता तुझा दोस्त. तो म्हणतो नमाज ही सवय आहे, तर असू दे की, तालमीत जोर-बैठकाही सवयच असतात, पण पैलवान त्यातूनच घडतो ना. तू चुकतोस ते इथं, की एका महिन्यात सगळा डोंगर उचलायला जातोस. पैगंबरसाहेबांच्या पत्नी हजरत आयशांनी सांगितलेली हदीस आहे, अल्लाहला सगळ्यात प्रिय तो अमल (कृती) जो कायम चालतो, थोडा असला तरी. पाची नमाज फर्ज (बंधनकारक) आहेत, त्यात सूट द्यायला मी कोण, पण त्यासोबत वरचं ओझं घेऊ नकोस, तस्बीह (जप), नफिल (ऐच्छिक नमाज), रोज एक पारा (कुरआनाचा तिसावा भाग) वगैरे एकदम नको. शिव्यांचंही तसंच, आधी घरात बंद, मग दुकानात. फजर (पहाटेची नमाज) चुकली तर जाग येईल तेव्हा पढ, पण 'आज गेलीच' म्हणून जोहरही (दुपारची) सोडायची हे मात्र करू नकोस, घसरण तिथूनच सुरू होते.

राहिला राग. सांगली जिल्ह्यातल्या पोराला हे वेगळं सांगायला नको, बुखारी या हदीससंग्रहात आहे, बलवान तो नव्हे जो कुस्तीत पाडतो, बलवान तो जो रागात स्वतःला आवरतो. आणि दुसऱ्या एका हदीसमध्ये उपायही दिलाय, उभा असशील तर खाली बस, तरी नाही उतरला तर आडवा हो. आमचे अब्बा हे अक्षरशः करायचे. भांडण पेटलं की बोलता बोलता उंबऱ्यावर मटकन बसायचे, मग तांब्या मागायचे नि गुपचूप वजू (नमाजेआधी हात-तोंड-पाय धुणं) करायचे, तोंडावरचं पाणी हनुवटीवरनं टपटप गळतंय आणि आम्ही पोरं बघतोय की आता ओरडणार का नाही. बहुतेक वेळा नाही ओरडले. आणि तांब्याही एकच, दारात नळ धो धो असला तरी, कारण वाहत्या नदीवरसुद्धा वजूचं पाणी वाया घालवू नये असं त्यांनी ऐकलं होतं. अम्मीवर आवाज चढायला लागला की तू आधी खाली बसून बघ.

आणि दुकानात संध्याकाळी रोजमेळ लावता ना, तसा इशानंतर (रात्रीच्या नमाजेनंतर) पाच मिनिटं स्वतःचा लाव. दुसरे खलिफा हजरत उमर यांचं म्हणणं सांगतात, तुमचा हिशेब घेतला जाण्याआधी स्वतःच स्वतःचा घ्या. आज कुणावर ओरडलो, कुणाला फसवलं, कुणाची माफी मागायची राहिली, बस. सूरह रअदच्या 11 व्या आयतीत आहे की लोक जोवर आपल्या आतलं बदलत नाहीत तोवर अल्लाह त्यांची हालत बदलत नाही. म्हणजे सुरुवात आपल्याकडनंच करायची. दोस्ताला वादात हरवायला जाऊ नकोस, त्याला सहा महिन्यांनी तुझ्या अम्मीशी बोलायला सांग.

प्रश्न : आपा, माझ्या ऑफिसातली मैत्रीण रोजे धरते. पाणीसुद्धा नाही, मला काळजी वाटते. उपाशी राहून नेमकं काय मिळतं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, काळजी करता हे फार छान आहे. आजारी, प्रवासी, गरोदर यांना सवलत आहे, ते रोजे नंतर भरून काढता येतात, म्हणजे जिवाला त्रास करून घ्यायचा हा हेतूच नाही. आणि नुसती भूक म्हणाल तर हदीसमध्ये स्पष्ट आहे, जो खोटं बोलणं सोडत नाही त्याच्या खाणंपिणं सोडण्याची अल्लाहला गरज नाही. कुणी भांडायला आलं तर 'माझा रोजा आहे' म्हणायचं. रमजान चांद्रवर्षाप्रमाणे दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकतो, म्हणून कधी थंडीत येतो, कधी सातारच्या कडक उन्हात, पण दुपारी तीनला गार पाण्याची बाटली समोर असताना, बघायला कुणी नसताना न पिणं, हे एकदा जमलं की बाकीही गोष्टींना नाही म्हणायची ताकद येते. मैत्रिणीनं इफ्तारला (रोजा सोडायला) बोलावलं तर जरूर जा, मगरिबच्या (सूर्यास्ताच्या नमाजेच्या) अजानच्या दहा मिनिटं आधी पोचा, आणि काही न्यायचंच असेल तर फळं न्या.