'पर्यंत', 'पूर्वी' आणि एक 'च'

प्रश्न : आमच्या बचत गटाच्या जवसाच्या चटणीच्या पाकिटावर 'बेस्ट बिफोर'साठी मराठीत काय छापावे? 'अंतिम तारीख' चालेल का? (आर्णी, जि. यवतमाळ)

उत्तर : 'अंतिम तारीख' नको. ती पीकविम्याच्या अर्जाला शोभते. उलटली की अर्ज बाद. 'बेस्ट बिफोर' उलटल्याने चटणी बाद होत नाही. चव आणि वास कुठवर टिकतील एवढेच ती तारीख सांगते, नंतरही पदार्थ खाण्याजोगा असू शकतो. '15 ऑगस्टपर्यंत उत्तम' असे छापा. पुष्कळजण '15 ऑगस्टपूर्वी' लिहितात, तो नुसता शब्दाला शब्द झाला. नियमातल्या व्याख्येत ही तारीख म्हणजे मुदतीचा शेवट, म्हणून 15 तारीख आत धरायची; 'पूर्वी'ने ती बाहेर पडते.

'यूज बाय' किंवा 'एक्सपायरी' मात्र सुरक्षिततेची हद्द. तिथे '15 ऑगस्टपर्यंतच वापरा'. हा 'च' गाळू नका, सगळा फरक त्याच्यात आहे. दुकानात दोन्हींना सरसकट 'डेट गेली' म्हणतात. मग नुसता 'बेस्ट बिफोर' उलटलेला बिस्किटांचा पुडा उकिरड्यावर जातो आणि 'यूज बाय' उलटलेले दही 'काही होत नाही' म्हणत कढीत पडते. 'मुदतबाह्य' हा शब्द या दुसऱ्या प्रकारालाच लावावा. ('कालबाह्य' रूढी होतात, चटणी नव्हे.)

आता छपाईचे. 2020 च्या लेबल नियमांत उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख आणि 'एक्सपायरी/यूज बाय' सक्तीचे आहेत. 'बेस्ट बिफोर' ऐच्छिक. म्हणजे नुसते 'पर्यंत उत्तम' छापून भागायचे नाही. शिवाय सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवा, मराठी त्याच्या जोडीला. आकड्यांत आधी दिवस, मग महिना: 05/06 म्हणजे 5 जून.

तारखेशेजारी 'थंड, कोरड्या जागी ठेवा' हवेच, कारण ती मुदत त्या अटीवरच खरी. जवसातले तेल हवा आणि उष्णता लागली की लवकर खवट होते, भाजून कुटल्यावर तर आणखी लवकर. मे महिन्यात टिनाखाली टांगलेल्या पाकिटाला छापलेली तारीख लागू पडत नाही. चवीची मुदत ठरवताना एकाच घाण्यातली काही पाकिटे उन्हाळ्यात दुकानातच ठेवा आणि दर आठवड्याला एक फोडून वास घ्या. खवट वास येईल त्याच्या बरीच आधीची तारीख 'पर्यंत उत्तम'साठी धरा. 'पर्यंतच वापरा'ची मुदत नाकाने ठरत नाही, ती प्रयोगशाळेतून तपासून घ्या.