सत्तेचाळीसचे चौऱ्याहत्तर का होतात

प्रिय पोरी,

दोन शिक्षकी शाळा आणि पहिली-दुसरी एकत्र तुझ्या गळ्यात, असं कळलं. आपल्याकडे हे असंच चालतं. शाळा कशी चालवावी हे प्रशिक्षणात पुष्कळ ऐकशील, म्हणून या पत्रात फक्त पोरांच्या चुकांबद्दल.

दुसरीला पाटीवर सत्तेचाळीस लिहायला सांग. चार-पाच पाट्यांवर तरी 74 दिसेल. चुकीची फुली मारून पुढे जाऊ नकोस. त्या पोरांचे कान अगदी शाबूत आहेत. आपण बोलतो ‘सत्ते’ आधी, ‘चाळीस’ मागून. लिहितो मात्र चार आधी. ऐकलं तसं त्यांनी लिहिलं.

म्हणून पहिले आठ दिवस पाटी बाजूला ठेव आणि तुराट्या घे, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या. पेन्सिलीच्या जाडीच्या, अर्ध्या वितीचे तुकडे. साल काढायची, टोकं फरशीवर घासायची. नाहीतर बोटात कुसळ जातं आणि तास तिथंच संपतो. चार पोरांच्या गटाला 110 काड्या लागतात : दहाच्या दहा जुड्या आणि दहा सुट्या. बांधायला सुतळी. रबर उन्हानं तटातट तुटतात. जुड्या पोरांनीच मोजून बांधायच्या. तू तयार दिल्यास तर त्यांच्या लेखी ती एक जाड काडी होते, आतले दहा दिसतच नाहीत. एखादा विचारेलच, “म्याडम, ह्या काड्या कायले?” सांगू नकोस, मोजायला लाव.

मग तू ‘सत्तेचाळीस’ म्हण. पोर आधी सात सुट्या उचलतं आणि डावीकडे ठेवतं. चूक इथं होते, पाटीवर ती नुसती उमटते. सवय अशी लाव की शब्दाचं शेपूट आधी धरायचं : चाळीस, म्हणजे चार जुड्या डावीकडे, मग सात सुट्या उजवीकडे. चौथ्या-पाचव्या दिवशी काड्यांखाली खडूनं आकडे. काही पोरं आधी उजवीकडे 7 काढतात आणि मग त्याच्या डावीकडे 4. उत्तर बरोबर येतं, म्हणून आपण सोडून देतो. तिसरीत ‘तीनशे सत्तेचाळीस’ आलं की तीच पोरं अडतात. हात कुठून सुरू होतो ते बघत जा.

‘एकोण’चं दुखणं वेगळं. एकोणपन्नास ऐकलं की पन्नास आणि नऊ, म्हणून 59. पाच जुड्या मांड, एक सोड, त्यातली एक काडी काढून घे. चार जुड्या, नऊ सुट्या. पन्नासला एक उणा हे डोळ्यांना दिसलं की पाठांतराची गरज उरत नाही. एकोणतीसपासून एकोणनव्वदपर्यंत हीच युक्ती चालते, 99 ला मोडते. तिथं नव्व्याण्णव, ते सरळ पाठच करून घे. 2019 मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात ‘सत्तर दोन’ असं वाचन आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. कुबडी म्हणून ते वाईट नाही, पंधरा दिवस खुशाल वापर. पण आठवडी बाजारातला भाजीवाला बहात्तरच म्हणणार.

श्रुतलेखनात ‘शाया’, ‘फया’, ‘डोये’ असं लिहून येईल, ‘पाणी’चं ‘पानी’ होईल. पोराच्या घरी वऱ्हाडीत ळ चा य आणि ण चा न होतो, आणि ते घरचं बोलणं चुकीचं नाही. ‘मले’ म्हणणाऱ्याला वर्गासमोर ‘मला’ म्हणायला लावलंस की ते पंधरा दिवस तोंड उघडत नाही. आधी कान तयार कर : माळ-माल, काळ-काल, मण-मन. तू एक शब्द बोल. ळ किंवा ण ऐकू आला तर हात वर. रोज पाच मिनिटं. कान पक्का झाला की उच्चार : जीभ मागे वळवून टाळूला लावायची आणि पुढं सोडायची. लिहिणं सगळ्यात शेवटी. मेळघाटात कोरकू किंवा गडचिरोलीकडे गोंडी बोलणारी पोरं असतील तर हा क्रम लागू नाही. त्यांना मराठीच नवी. तिथं मोठ्या पोरांकडून आधी तूच पन्नासेक शब्द शिकून घे.

नवीन पाठ खिचडीच्या आधी. सरकारी मापानं पोरामागे 100 ग्रॅम तांदूळ शिजतो. तो पोटात गेला, वरून टिनाचं छप्पर, मग कोणाचे डोळे उघडे राहतात? दुपारी चित्रं, गाणी, काड्या रचणं. बाजाराच्या दिवशीही नवीन काही काढू नकोस, निम्मी हजेरी असते.

दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी सुरू झाली की दुसरी-तिसरीतली पोरंसुद्धा धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहतात. परत आली की तुझा वर्ग जिथं पोचला तिथं त्यांना ढकलू नकोस. 35, 53, 49 एवढे तीन आकडे लिहायला लाव, कोण कुठं सुटलं ते कळतं. मायनं काल 28 किलो वेचला, आज 19, तर मजुरी किती किलोची? याचं उत्तर त्यातली कित्येक तोंडी देतात आणि वहीत हातचा विसरतात. पुन्हा काड्या : आठ आणि नऊ सुट्या एकत्र कर, दहाची जुडी त्यांच्याच हातानं बांधून डावीकडे सरकव. हातचा म्हणजे ती जुडी.

तुराट्या मात्र आत्ताच गोळा कर. विदर्भातली शाळा जूनअखेर उघडते, तोवर पाऊस लागलेला असतो. बाहेरच्या गंजीतल्या भिजून काळ्या पडतात आणि त्यांना बुरशी येते. कोणाच्या तरी गोठ्यात आडोशाला ठेवलेल्या मिळतील. एक भारा पुरे.

तुझे
जुने गुरुजी