डॉक्टरकडे गेलो तर पिस्तूल काढून घेतील का? एका पोलीस हवालदाराचं पत्र

भाऊ, तुमच्या पत्राच्या शेवटापासून सुरुवात करते, कारण जी ओळ तुम्ही जाता जाता लिहिली तीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. "नाईटला पिस्तूल कमरेला असतं तेव्हा कधी कधी भलतेच विचार येतात, पण ते सोडा." नाही भाऊ, ते मी सोडणार नाही. भलतेच विचार म्हणजे स्वतःला संपवायचे विचार का, हे सरळ विचारते. असं विचारल्यानं कोणाच्या डोक्यात ते नव्यानं शिरत नाहीत, उलट बोलायला जागा मिळते. उत्तर हो असेल, अगदी थोडंसं जरी हो असेल, तर बाकीचं हे सगळं नंतर वाचा. आधी आजची ड्युटी संपली की पिस्तूल जमा करा, काहीही झालं तरी घरी आणू नका, आणि उद्यापासून काही दिवस हत्यार नसलेली ड्युटी मागून घ्या, "तब्येत बरी नाही" एवढं कारण पुरतं. मग १४४१६ वर फोन लावा. ही टेलिमानस, सरकारी हेल्पलाईन, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. असे विचार खूप जोरात येतात अन् बरेचदा थोड्या वेळात ओसरतात, पण त्या थोड्या वेळात हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं, म्हणून हत्याराचं एवढं सांगते आहे. आणि त्या वेळी एकटं बसू नका, वहिनींना उठवा, रात्रीचे तीन वाजले असले तरी उठवा.

आता वाचकांसाठी पत्रात काय आहे ते थोडक्यात, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. पत्र लिहिणारे नागपूर शहर पोलिसात हवालदार आहेत, वय चाळिशीच्या आत. पाच महिन्यांपूर्वी नाईट राउंडला एका वस्तीत दारू पिऊन चाललेलं भांडण सोडवायला गेले, त्यातल्या एकानं चाकू काढला आणि तो यांच्या साथीदाराच्या पोटात लागला. यांनी त्या माणसाला धरलं, मग साथीदाराला गाडीत टाकून जखमेवर रुमाल दाबून धरत मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. साथीदार वाचला. वरिष्ठांनी पाठ थोपटली, रिवॉर्ड मिळालं, आणि दुसऱ्या दिवशी हे पुन्हा ड्युटीवर. तेव्हापासून झोप नाही, दोन-अडीचला घामानं भिजून जाग येते, मग दाराची कडी चार-चारदा तपासतात. त्या रस्त्यानं जायचं टाळतात. साथीदाराला भेटायला एकदाही गेले नाहीत. रोज रात्री दारू, आणि ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून आणलेली झोपेची गोळी. मागच्या महिन्यात जेवताना मुलाच्या हातून स्टीलचं ताट पडलं, तर यांनी त्या नऊ वर्षांच्या पोराची कॉलर धरून त्याला भिंतीला लावलं. "ताई, मी असा नव्हतो" असं लिहिलंय. आणि विचारलंय की डॉक्टरकडे गेलो तर पिस्तूल काढतील, साईड पोस्टिंग देतील, जमादाराचं प्रमोशन अडेल, म्हणून नुसतं मन घट्ट करून यातून निघता येईल का.

भाऊ, मन घट्ट करून तुम्ही पाच महिने काढलेत. ते करून बघितलंत. मला हे तुमच्या हिमतीला नाव ठेवायला म्हणायचं नाहीये, हिंमत नसती तर त्या रात्री तुम्ही त्या चाकूवाल्याला धरलंच नसतं. पण हिंमत वेगळी आणि ही जखम वेगळी. साथीदाराला पोटात लागलं तेव्हा तुम्ही त्याला म्हणालात का, मन घट्ट कर, टाके घालून घेऊ नको? ड्युटीवर तुम्हालाही लागलंय, आणि ते बघायचं काम ज्या डॉक्टरचं आहे त्याच्याकडे जायचंय, एवढंच.

असं काही भयंकर झाल्यावर पहिले काही दिवस, आठवडे, झोप उडणं, दचकणं, तेच तेच डोळ्यासमोर येणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप कमी होत जातं. महिना उलटला तरी कमी होत नसेल आणि घर-ड्युटी दोन्हीवर परिणाम होत असेल तर डॉक्टर त्याला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा मानसिक आजार, म्हणायचं का ते तपासतात. तुमचे पाच महिने झालेत. निदान मी करू शकत नाही, ते डॉक्टरच करतील, पण तुम्ही जे लिहिलंय, म्हणजे स्वप्नं, टाळाटाळ, सतत सावध राहणं, राग, अपराधी वाटणं, ते सगळं त्यात बसतं. हे काही कालचं फॅड नाही, अमेरिकेतल्या मानसोपचार तज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत हा आजार या नावानं १९८० पासून आहे, आणि २०१३ च्या आवृत्तीत तर पोलिसांचा वेगळा उल्लेख आहे, की स्वतःवर हल्ला झालेला नसला तरी ज्यांना कामामुळे मृतदेह उचलावे लागतात, मुलांवरच्या अत्याचाराचे तपशील पुन्हा पुन्हा ऐकावे लागतात, त्यांनाही हे होऊ शकतं.

हे मुद्दाम सांगते कारण तुम्ही पत्रात मध्येच एक वाक्य लिहून पुढे गेलात, की दोन वर्षांपूर्वी एका मर्गच्या (अकस्मात मृत्यूच्या) पंचनाम्याला विहिरीतून लहान मुलगी काढली होती आणि आता तिचा फ्रॉक पण स्वप्नात येतो, चाकूच्या स्वप्नातच येतो. म्हणजे ही फक्त एका रात्रीची गोष्ट नाही. सोळा वर्षांच्या नोकरीत किती मर्ग, किती अपघात, किती जळालेली माणसं, आणि प्रत्येक वेळी पंचनामा लिहायचा, बॉडी पोस्टमॉर्टमला पाठवायची, हात धुऊन चहा प्यायचा आणि पुढच्या कॉलला जायचं. मग अधिवेशनाचा बंदोबस्त, गणपतीचा बंदोबस्त, मारबतीचा बंदोबस्त. साठलेलं बाहेर काढायला तुमच्या नोकरीत तारीखच नाही.

आणि तुम्ही गडचिरोलीच्या पोलिसांचं उदाहरण दिलंय, ते. "माझ्यापेक्षा वाईट बघितलेले लोक ठणठणीत फिरतात" असं तुम्ही म्हणता. १ मे २०१९ ला तिथल्या जांभुळखेड्याला नक्षलवाद्यांच्या भूसुरुंगात १५ पोलीस गेले, त्यांच्यासोबत जेवलेले, एका बराकीत झोपलेले कितीतरी जण आज कुठे ना कुठे ड्युटी करतायत. ते ठणठणीत आहेत हे तुम्हाला कसं कळलं? दिसतात म्हणून ना? भाऊ, ठाण्यात तुम्हीपण ठणठणीतच दिसता.

उपचार काय असतो ते सांगते, कारण अर्धी भीती तिथेच असते की शॉक देतील, झोपवून ठेवतील. तसं काही नसतं. याच आघातावर काम करणारी एक बोलण्याची थेरपी असते, साधारण ८ ते १५ बैठका, आठवड्याला एक. तुम्ही घटनास्थळाचा पंचनामा करता तेव्हा वेळ, जागा, कोण कुठे उभं होतं, काय पडलेलं होतं हे क्रमानं लिहिता ना, तसंच काहीसं त्या रात्रीचं करायचं असतं, घाई न करता, सोबत प्रशिक्षित माणूस बसलेला असताना. आत्ता ती रात्र तुमच्या डोक्यात तुकड्या-तुकड्यांनी आहे, आवाज, रक्ताचा वास, रुमाल, म्हणून ताट पडलं की मेंदूला वाटतं आत्ताच होतंय. सगळं क्रमानं बोलून झालं की हळूहळू ती झालेली, संपलेली गोष्ट होते. विसरायला होत नाही, पण अंगावर येत नाही. टाळलेल्या रस्त्यानं जाणं पण त्यातच येतं, टप्प्याटप्प्यानं, तेव्हा उगाच हट्टानं एकटे आजच जाऊ नका. ईएमडीआर नावाची, डोळ्यांच्या हालचाली वापरून करायची दुसरी एक पद्धत आहे, तीसुद्धा चालते. गरज वाटली तर सर्ट्रालिनसारखं औषध देतात, त्याची सवय लागत नाही पण फरक कळायला चार ते सहा आठवडे जातात, आणि मनानं मध्येच बंद करायचं नसतं.

तुमची ती मेडिकलवाल्याची गोळी, नाव वाचलं मी, अल्प्राझोलाम आहे ती. दारूवर ती गोळी घेणं म्हणजे झोपेत श्वास मंदावून जिवावर बेतू शकतं, हे दोन्ही एकत्र घेणं आज रात्रीपासून बंद व्हायला पाहिजे. पण रोज घेत असाल तर गोळी किंवा दारू एकदम तोडूनही त्रास होतो, झटके येऊ शकतात, म्हणून किती घेता ते डॉक्टरला खरं-खरं सांगा, ते हळूहळू कमी करून देतील. आणि दारूनं डोळा लवकर लागतो हे खरं, पण उतरायला लागली की रात्रीच्या दुसऱ्या भागात झोप मोडते. तुमची ती अडीचची जाग काही अंशी त्यातूनच येत असणार.

आता नोकरीचं, खोटा धीर देणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात, तो मे २०१८ पासून लागू आहे, कलम २३ प्रमाणे तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. जिवाला धोका किंवा कोर्टाचा आदेश असे मोजके अपवाद सोडले तर डॉक्टर तुमच्या ठाण्याला फोन करून सांगत नाही. पण मेडिकल रजा मागितली तर कागद ऑफिसात जाणारच, ते लपणार नाही. काही जण टोमणे पण मारतील. पिस्तूल? काही काळ हत्याराची ड्युटी नको असं डॉक्टर म्हणू शकतात, आणि म्हणाले तर मला बरंच वाटेल, तुमच्या शेवटच्या ओळीनंतर दुसरं काही वाटूच शकत नाही. प्रमोशनचं मी काही वचन देऊ शकत नाही. एवढं मात्र दिसतंय की उपचार न घेता असंच चाललं तर एक दिवस एखाद्या आरोपीवर किंवा एखाद्या सिनिअरवर तुमचा हात उठेल, आणि ती चौकशी रेकॉर्डवर नक्की येईल.

कुठे जायचं? मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी दवाखान्यांत मानसोपचार विभाग आहे, चांगला आहे, पण तिथं तुमची रोजची एमएलसीची (पोलीस केसच्या रुग्णांची) ये-जा, चौकीतला प्रत्येक माणूस ओळखीचा, तुम्हाला अवघडल्यासारखं होणार हे मी समजू शकते. मग मिहानमधलं एम्स आहे, थोडं लांब आहे पण ओळखीचे चेहरे कमी. मानकापूरजवळचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, त्याच्या नावाला आपल्याकडे लोक उगाच घाबरतात, ओपीडीत तुमच्या-आमच्यासारखीच माणसं असतात. खर्च झेपत असेल तर धंतोली, रामदासपेठेत खाजगी डॉक्टर भरपूर आहेत, फक्त आधी विचारून घ्या की आघातावरची थेरपी करणारं कोणी त्यांच्याकडे आहे का, नुसती औषधं लिहून देणारे नकोत. आणि "अधिवेशन आटपलं की जातो" असं करू नका, तुमच्या नोकरीत एक बंदोबस्त संपला की दुसरा उभा असतो.

तोवर ड्युटीवर छाती धडधडायला लागली तर दोन्ही पाय जमिनीवर घट्ट दाबा, समोर दिसणाऱ्या पाच गोष्टींची मनात नावं घ्या, श्वास घेताना चार मोजा अन् सोडताना सहा-सात. याने आजार जात नाही, पण तो क्षण निभतो.

साथीदाराबद्दल मला जास्त बोलायचंय. तुम्ही लिहिलंय, "मी दोन पावलं मागे होतो, पुढे असतो तर त्याला लागलं नसतं." चाकू होता हे तुम्हाला आज माहीत आहे. त्या क्षणी तिथे फक्त एक दारुडा होता, असले शेकडो तुम्ही हाताळलेत, आणि कोण दोन पावलं पुढे, कोण मागे हे तुम्ही ठरवलेलं नव्हतं, ते तसं पडलं. पुढे तुम्ही असता तर कदाचित तुम्हाला लागलं असतं आणि आज तो मला पत्र लिहीत असता की मी मागे होतो. त्यानंतर जे तुम्ही ठरवून केलं, चाकूवाल्याला धरणं, साथीदाराच्या जखमेवर रुमाल दाबून ठेवणं, वेळेत मेडिकलला पोचवणं, ते तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंय आणि त्या दोन पावलांना अख्खं पान दिलंय. माझी विनंती आहे की साथीदाराला भेटा. पाच महिने तुम्ही आला नाहीत याचा तो काय अर्थ लावत असेल? फोन करून जा, त्या रात्रीबद्दल बोलायलाच पाहिजे असं नाही, सावजी खाऊन या नाहीतर नुसते बसा. डॉक्टरांना दाखवून होईपर्यंत थांबायचं असेल तर निदान मेसेज टाका की येणार आहे.

घरी वहिनींना रक्ताचे तपशील सांगायची गरज नाही, तेच तुम्हाला अडवतंय ना? एवढंच सांगा की त्या रात्रीपासून मला झोप नाही, डोकं ताब्यात राहत नाही, तुझ्यावर राग नाहीये आणि मी डॉक्टरकडे जातोय. मुलाला जवळ घेऊन सॉरी म्हणा, स्पष्ट म्हणा, की तुझी चूक नव्हती, बाबाला आवाजाची भीती वाटली. नऊ वर्षांच्या पोराला कळतं. बाप गप्प राहिला तर ते पोर मनात धरतं की आपणच काहीतरी केलं.

जे पीआय, एपीआय हे वाचत असतील त्यांनाही सांगते, अशा रात्रीनंतर तुमच्या माणसाला सगळ्यांसमोर बसवून "सांग काय झालं, कसं वाटलं" असं बळजबरीनं बोलायला लावू नका, त्याने फायदा होत नाही, कधी त्रास वाढतो. त्याला जेवू घाला, घरी फोन लावून द्या, झोपायला एक पूर्ण दिवस द्या, आणि महिन्याभरानं बाजूला घेऊन विचारा, झोप येते का रे? रिवॉर्ड द्याच, पण हे पण विचारा.

आणि भाऊ, पहिल्या भेटीला वहिनींना सोबत घेऊन जा. रात्री झोपेत तुम्ही काय बोलता, किती वेळा उठता, हे डॉक्टर त्यांनाच विचारतील. नंबर लावून झाला की मला कळवा, आणि ती शेवटची ओळ आता कशी आहे ते पण लिहा.