सुरीचे म्यान आवळले, आता काय?

प्रश्न : कुळागरात (सुपारीच्या बागेत) कमरेला लावायच्या सुरीला (पाते 12 सेंमी) म्यान केले. आत कमावलेले चामडे, वरून कच्च्या कातड्याचे वेष्टन. उन्हात वाळवले तर ते इतके आवळले की सुरी अर्धीच जाते. कडेची दोन भोकेही फाटली. दुरुस्त होईल का?
— वाचक, वाळपई

उत्तर : होईल, पण सुरी ठोकून आत घालू नका, आतली शिवण कापली जाईल. कच्चे कातडे म्हणजे केस काढून नुसते वाळवलेले. ते कमावलेले नसते, म्हणून पाणी लागले की पुन्हा मऊ होते. तुमच्या बाबतीत हा दोषच कामाला येईल.

वादी सोडवून वेष्टन वेगळे करा आणि साध्या पाण्यात बुडवा. बोकडाच्या पातळ कातड्याला तीन-चार तास पुरतात, म्हशीच्या जाड कातड्याला रात्रभर. (घुमट या मातीच्या वाद्याला हल्ली घोरपडीऐवजी बोकडाचेच कातडे चढवतात, ते चालते.) दुमडून पाहा : घडीत पांढरी, ताठ रेघ दिसली तर अजून भिजायचे आहे. घाईने गरम पाणी ओतू नका. साधारण 60 अंशांना ओले कातडे आखडते, आणखी तापले तर विरघळून त्याचा सरस (चिकटवायचा गोंद) व्हायला लागतो. ते मग परत सुधारत नाही.

चूक मुळात दोन ठिकाणी झाली असावी. एक, आत साचा नव्हता. पात्याच्या आकाराची, पण सर्व बाजूंनी मिलिमीटरभर मोठी लाकडी पट्टी तासा, तिला प्लास्टिक गुंडाळा आणि वाळेपर्यंत आत ठेवा. दुसरे, ऊन. उन्हात वरचा थर आधी वाळून आवळतो, आतला ओलाच राहतो आणि कडा वळतात. सावलीत, पंख्याखाली दोन-तीन दिवस वाळवा. पावसाळ्यात हे काम काढूच नका, वाळण्याआधी बुरशी येते, डिसेंबर-जानेवारी बरा.

फाटलेली भोके कापून टाका. नवी भोके काठापासून निदान 5 मिमी आत, गोल पंचने पाडा. आरीने चिरलेले भोक आवळताना चिरेच्या टोकापासून फाटत जाते. वादीही ओलीच ओवा, पण करकचून ओढू नका. काठांमध्ये 2-3 मिमी फट राहू द्या, वाळताना ती आपोआप मिटते. पूर्ण वाळल्यावर बाहेरून सुतार वापरतात ते चपड्याचे (लाखेचे) पॉलिश दोन-तीन पातळ हात द्या. तेल चोळून पाणी अडत नाही.

आतल्या म्यानाच्या दोन कडांमध्ये चामड्याची पट्टी शिवली आहे ना? नसेल तर आताच घाला, निदान पात्याच्या पाठीइतकी जाड. धार दोऱ्याला लागू न देणे हेच तिचे काम.

प्रश्न : म्यानातल्या सुरीवर ठिपक्याठिपक्यांचा गंज येतो. चामडे जुन्या बॅगेचे आहे.
— वाचक, पेडणे

उत्तर : कड कापून पाहा. मधोमध निळसर-राखाडी दिसले तर ते क्रोमने कमावलेले. त्यात उरलेले क्षार ओल धरतात आणि पोलादाला खातात. बाभळीच्या सालीने नि हिरड्याने कमावलेले, कोल्हापुरी चपलेचे असते तसे, 2.5 ते 3 मिमी जाड चामडे घ्या. पण गंज त्यानेही येतोच, फक्त कमी. म्यान सुरी कमरेला लावून वापरण्यापुरते आहे, साठवून ठेवायला नाही. जून ते सप्टेंबर पाते बाहेर काढा, त्याला शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा आणि कोरड्या सुती फडक्यात गुंडाळा. खोबरेल नको, काही दिवसांनी चिकट होते.