नाही म्हटलं तर आत्मत्याग कमी पडतो का?

“ताई, मी नाही म्हटलं तर प्रभूला काय उत्तर देऊ?” समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी भगिनींनी हे वेगवेगळ्या शब्दांत विचारलंय. त्यांतल्या एकीची गोष्ट तिच्या परवानगीने, ओळख पटू नये इतके तपशील बदलून सांगते.

वय सेहेचाळीस. शाळेत शिक्षिका, रविवारी शब्बाथशाळा म्हणजे मुलांचा बायबलचा वर्ग, शिवाय मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, महिला मंडळाचं काम. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. प्रार्थनासभेत या बाई दोनदा चक्कर येऊन पडल्या, म्हणून चर्चच्या पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाठवलं होतं. बोलता बोलता त्यांनी एक वचन दाखवायला पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं आणि आतून घडी घातलेला कागद टेबलावर पडला. रक्ताचा रिपोर्ट होता. हिमोग्लोबिन ७.९, बाईचं निदान १२ तरी हवं. तारीख सात महिन्यांपूर्वीची. डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली होती, ती राहूनच गेली. त्याच महिन्यात दिरांनी मुलाच्या फीसाठी पैसे मागितले होते. त्याआधी गाडीच्या हप्त्यासाठी नेलेले परत आलेच नव्हते.

कागद लूकच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात होता. तेविसाव्या वचनाखाली पेन्सिलीची रेघ: माझ्यामागे यायचं त्याने आत्मत्याग करावा, दररोज आपला वधस्तंभ (क्रूस) उचलावा.

“हाच माझा वधस्तंभ,” त्या म्हणाल्या.

मी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, “दिरांच्या हातात पैसे ठेवताना मनात काय असतं?”

बराच वेळ त्या पर्सची चेन उघडत-लावत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “राग. आणि भीती. चर्चमध्ये पुढे पुढे करते आणि घरच्यांना मदत करत नाही, असं म्हणतील ना!”

नम्रता आणि धास्ती बाहेरून सारख्याच दिसतात. मान खाली, तोंडात ‘बरं’. म्हणून मी माणसाचं वागणं बघण्याआधी ते कुठून येतंय ते बघते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो. त्याआधी योहान मुद्दाम लिहितो की पित्याने सगळं आपल्या हाती दिलंय, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जातोय, हे येशूला ठाऊक होतं. मग तो उठला आणि कमरेला रुमाल बांधला. कुणी काय म्हणेल म्हणून तो वाकला नाही. आणि त्याच रात्री, अटक झाल्यावर, प्रमुख याजकापुढे एका शिपायाने चपराक मारली तेव्हा त्याने विचारलं, मी वाईट बोललो असेन तर सिद्ध कर, योग्य बोललो असेन तर का मारतोस? त्याने ना शिवी दिली, ना हात उगारला. पण गप्पही बसला नाही.

पुढच्या वेळी त्यांना बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सोळावा अध्याय वाचून यायला सांगितलं. ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं, हा फिलिप्पैकरांच्या पत्रातला उतारा त्यांना लहानपणापासून पाठ. पण प्रेषित पौलाचं हे पत्र ज्या गावाला गेलं त्याच फिलिप्पैत पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चौकशीशिवाय छड्या मारून तुरुंगात टाकलं होतं. सकाळी निरोप आला, निघून जा. पौल म्हणाला, आम्ही रोमन नागरिक. उघड मारलंत आणि आता गुपचूप घालवता? अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. ते घाबरले, आले आणि विनवणी केली. नम्रतेचं हे शिक्षण ज्या मंडळीला मिळालं, तिच्या जन्माच्या वेळी हे घडलेलं होतं.

“मग पौलाने अहंकार केला?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “तुम्हाला काय वाटतं?”

“नाही. मागे राहिलेल्या विश्वासणाऱ्यांना कुणी हात लावू नये म्हणून केलं असेल.” आणि मग, बऱ्याच वेळाने, “मी मात्र कुणासाठीच करत नव्हते. सगळ्यांनी मला चांगलं म्हणावं, यासाठी करत होते.”

हे मी सुचवलेलं नव्हतं. त्यांना खरोखर सोडायचं होतं ते हेच, आणि पैसे देण्यापेक्षा ते किती तरी जड.

उलट टोकही मला माहीत आहे. देवाचं नाव पुढे करून आईबापांची जबाबदारी झटकणाऱ्यांना येशू मार्कच्या सातव्या अध्यायात खडसावतो. म्हणून सासूबाईंबद्दल वेगळं विचारलं. “त्यांचं मी मनापासून करते,” त्या लगेच म्हणाल्या. ते तसंच चालू राहिलं. फक्त आठवड्यातले दोन दिवस त्यांच्या यजमानांनी घेतले.

दिरांशी काय बोलायचं ते आम्ही माझ्या खोलीतच चार-पाच वेळा म्हणून पाहिलं. “भाऊजी, आता पैसे देता येणार नाहीत. मला दवाखाना करायचाय. मुलाला रविवारी दुपारी पाठवा, त्याचं गणित मी घेईन.” पहिल्या वेळी ‘नाहीत’ म्हणताना त्यांचा आवाज फुटेना.

भाऊजींनी मध्येच फोन ठेवला. मुलगा आला नाही. सोनोग्राफी झाली, गर्भाशयात गाठ निघाली, उपचार सुरू झाले. नाताळला दिरांचं कुटुंब जेवायला आलं नाही, तेव्हा त्या माझ्याकडे येऊन खूप रडल्या. तरी करंज्या-शेवेचा डबा स्वतःच्या मुलाच्या हाती त्यांच्याकडे धाडला होता.

जानेवारीत भेटल्या तेव्हा सांगत होत्या, “डबा परत आला, ताई. रिकामा आला. पण घासून आला.”