बाबांच्या बढाया थांबवू नका, त्यांना खऱ्या गोष्टी पुरवा

पुण्यात नोकरी करता, गावी बाबा पारावर तुमच्याबद्दल फुगवून सांगतात, लाज वाटते, त्यांना थांबवू कसं, असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं, थांबवू नका. मी वाशीम जिल्ह्यात कारंज्याकडे शेती करतो, मुलगी नागपूरला नर्स आहे, आणि पारावर मीही बसतो.

ऐकणाऱ्यांना सगळं कळत असतं हो. एक म्हणतो, "माया पोराले इचारल्याबिगर सायब चहा पेत नाही." दुसरा लगेच, "माया पोरानं त सायबाचा चहाच सोडवला!" २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी सुरू झाला, तेव्हापासून गाड्यांच्या गोष्टींना तर ऊतच आलाय. "सुनेनं दूध गॅसवर ठेवलं तवा पोरगा नागपुरातून निघाला. उतू जायच्या आत येऊन त्यानंच गॅस बंद केला." हसून हसून पोट दुखतं. सोयाबीनचा भाव पडलेला असतो, अवकाळीनं फुटलेला कापूस भिजलेला असतो. अशा संध्याकाळी बापाजवळ मान वर करून सांगण्यासारखं लेकरूच असतं.

आमच्यात एकाचा मुलगा घरीच शेती करतो. तो बरेच दिवस नुसता ऐकायचा. एकदा म्हणाला, "तुमचे पोरं तुमाले फोनात दिसतेत. माया पोरगा रोज माया बाजूले जेवाले बसते." त्या दिवशीची बाजी त्यानंच मारली, आणि मला ते फार आवडलं.

आता तुमचं. तुम्ही फोनवर "जेवलो, बरं आहे" एवढंच सांगत असाल. कंपनीत काय बनतं, तुमच्याकडे नेमकं कोणतं काम, साहेबानं शाबासकी कशाबद्दल दिली, हे बाबांना ठाऊकच नसेल, तर ते मनानं जोडतील. माझी मुलगी रात्रपाळीच्या गोष्टी सांगते. एका म्हातारीची शीर कोणालाच सापडेना, हिनं एका टोचण्यात सलाईन लावलं. मी ते जसंच्या तसं पारावर सांगितलं, सगळे ऐकत राहिले. तुमच्या कामातही असं काही असेलच, ते बाबांना सांगा.

फक्त सोयरिकीच्या बोलण्यात आडवे या. तिथं पगार, फ्लॅट, त्यावरचं कर्ज, सगळं खरंच सांगायचं, कारण मुलीकडचे त्याच शब्दावर होकार देतात. हे बाबांना आधीच, एकटं गाठून सांगा. चारचौघांत नाही.