बचतीचा संकल्प संक्रांतीलाच का मोडतो?

जानेवारीचा तिसरा-चौथा आठवडा आला की माझ्याकडे येणाऱ्या नवरा-बायकोंची एक तक्रार ठरलेली असते. मॅडम, आम्ही एक तारखेला ठरवलं होतं यंदा घरखर्चात बचत करायची म्हणून, आणि आता महिना संपायच्या आत आमचं बोलणंच बंद झालंय, दर वर्षी असंच होतं, आमच्यात शिस्तच नाही का? पैशाच्या प्रश्नाला समुपदेशक कशाला, असं काहींना वाटतं. पण बेरीज-वजाबाकी बहुतेकांना येते हो, ती एकमेकांसमोर मोकळेपणाने मांडायची वेळ आली की अवघड जातं.

ही केस पिंपरी-चिंचवडकडची आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील आणि आकडे थोडे बदललेत, पण हिशोब जुळेल असेच ठेवलेत, कारण या केसमध्ये हिशोबच महत्त्वाचा आहे.

तो चाकण एमआयडीसीत सुपरवायझर, हातात पगार 58,000. ती घरी शिकवण्या घेते, त्याचे साधारण 14,000 (हा आकडा लक्षात ठेवा). चिखलीत स्वतःचा फ्लॅट, त्याचा हप्ता 23,000, मुलगी सहावीत. सासर माण तालुक्यातलं. 31 डिसेंबरला रात्री दोघांनी मिळून ठरवलं, म्हणजे तो म्हणतो दोघांनी आणि ती म्हणते यांनी एकट्याने, की महिन्याला 15,000 बाजूला टाकायचे. बाहेरचं खाणं बंद, दहा मिनिटांत घरी सामान आणून देणारी ॲप मोबाईलमधून काढून टाकायची, दिवाळीपर्यंत नवे कपडे नाहीत आणि रोजचा खर्च एक्सेलमध्ये लिहायचा. एक्सेल त्याने बनवलं, भरायचं तिने.

संक्रांतीपर्यंत चाललं. मग हळदीकुंकू आलं. चाळीस बायका, वाणाला स्टीलच्या डब्या 55 रुपयाला एक, म्हणजे 2,200 झाले आणि वर तिळगूळ, गजरे. त्याने शीट बघितली आणि म्हणाला, अगं एक वर्ष नसतं केलं तर काय बिघडलं असतं? त्याच आठवड्यात मित्रांच्या पार्टीची 2,000 वर्गणी त्याने यूपीआयने भरली होती, ती शीटमध्ये कुठेच नव्हती. तिला ती बँकेच्या मेसेजमुळे कळली. "मी काय तुमच्याकडे कामाला आहे का रोजचा हिशोब द्यायला?" एवढं बोलून तिने लॅपटॉप मिटला आणि पुढचे काही दिवस दोघं मुलीमार्फत बोलत होते.

हळदीकुंकवाबद्दल माझं मत मी तेव्हाच स्पष्ट सांगितलं. तिच्या शिकवणीला येणारी बरीचशी मुलं याच बायकांच्या घरातली, वर्षभर कोणाची आई आजारी, कोणाचं मूल मागे पडतंय हे तिला इथेच कळतं, त्या ओळखीवर तिचं उत्पन्न उभं आहे. घरात बचत म्हटलं की पहिली कात्री बाईच्या, डोळ्यांना दिसणाऱ्या खर्चावर चालते, वाण, भांडी, मुलीचे क्लिप, भाजीवालीकडचे दहा रुपये. पुरुषाचे खर्च 'पेट्रोल आणि इतर' या एका ओळीत मावतात. हे मी फार घरांत बघितलंय आणि मला ते अजिबात पटत नाही.

पण खरी गाठ वेगळीच होती. दोघांना वेगवेगळं बसवून मी एकच काम सांगितलं, घरातून जाणारे जे पैसे जोडीदाराला माहीत नाहीत ते कागदावर लिहा, दाखवायचे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी कोणाला सांगणार नाही. लिहायला दोघांनीही वेळ घेतला, पण पुढच्या भेटीत आपणहून एकमेकांना वाचून दाखवलं.

त्याने लिहिलं होतं, गावी वडलांना 7,000. तिला फक्त 3,000 माहीत होते. वडलांची बीपी-शुगरची औषधं, उन्हाळ्यात जनावरांसाठी पाण्याचा टँकर, आणि धाकटा भाऊ काही देत नाही. बायको म्हणेल की सगळं आपल्याच डोक्यावर का, म्हणून चार हजार तो गुपचूप पाठवत होता आणि महिनाअखेरीला कमी पडलं की क्रेडिट कार्ड घासत होता.

तिने लिहिलं होतं, शिकवणीचे 14,000 नाहीत, 17,000 येतात. वरचे 3,000 बहिणीच्या सोसायटीतल्या भिशीत जातात.

तो दुखावला, म्हणाला मी काय तुझे पैसे काढून घेणार होतो? तेव्हा तिने तिच्या आईचं सांगितलं. 8 नोव्हेंबर 2016 ला रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्याचं टीव्हीवर सांगितलं, आणि तिच्या आईने वर्षानुवर्षं घरखर्चातून वाचवून डाळीच्या डब्यात ठेवलेल्या नोटा दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर ओट्यावर काढाव्या लागल्या. आईचं स्वतःचं खातं नव्हतं म्हणून ते वडलांच्या खात्यात भरले गेले आणि आईला परत कधीच मिळाले नाहीत, वर पाहुण्यांमध्ये चेष्टा झाली ती वेगळीच. त्या वेळी अशा कितीतरी घरांत बायकांचे डबे उघडे पडले. ती म्हणाली, मॅडम, मी तेव्हाच ठरवलं की माझे पैसे माझ्या घरात ठेवायचेच नाहीत. तो गप्प बसून ऐकत होता. नंतर म्हणाला, हे तू मला आधी का नाही सांगितलंस. आणि मग वडलांचं त्याने आधी का नाही सांगितलं हे तिने विचारलं, आवाज न चढवता, जानेवारीत पहिल्यांदा.

आता हिशोब बघा. भिशी तिची तिच्याकडे राहू दे, उरले 72,000. हप्ता 23,000, गावाकडे 7,000, कार्डाला 3,000, राहिले 39,000. वाणसामान, दूध, भाजी, लाईटबिल, गॅस, मेंटेनन्स, पेट्रोल, मोबाईल, मुलीचा क्लास हे सगळं कितीही ओढून धरलं तरी 30,000 होत होते. हातात 9,000. आणि संकल्प 15,000 चा! म्हणजे तो शिस्तीअभावी मोडला नव्हता, मुळात तेवढे पैसे घरात नव्हतेच, आणि नसलेल्या पैशासाठी दोघं एकमेकांना दोष देत होते.

त्यात वर्षातून एकदा येणारे खर्च कोणीच धरले नव्हते. मी विचारत गेले आणि ते आठवून सांगत गेले, शाळेची फी 42,000, एलआयसीचा हप्ता 24,000, गणपती-दिवाळी 30,000, दोन गाड्यांचा इन्शुरन्स 9,000, गावची जत्रा आणि लग्नांचे आहेर 15,000. बेरीज 1,20,000, म्हणजे महिन्याला 10,000. हेच खर्च दर वर्षी 'अचानक' यायचे आणि कार्डावर जायचे. गणपती अचानक कसे येतील, कॅलेंडर घरात जानेवारीलाच लागलेलं असतं ना!

कार्डावर 60,000 थकले होते आणि तो फक्त मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली भरावीच लागणारी किमान रक्कम, भरत होता, 5 टक्के, म्हणजे 3,000. त्याला वाटायचं कर्ज फिटतंय. त्याच्या स्टेटमेंटवर व्याज महिन्याला साडेतीन टक्के होतं, 60,000 वर 2,100, त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी 378. तीन हजारातले 2,478 व्याजातच जात होते आणि मुद्दल जेमतेम 522 ने कमी होत होतं. शिवाय आधीची थकबाकी असली की नवीन खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, हे त्याला माहीतच नव्हतं. आणि दुसऱ्या बाजूला बँकेत 45,000 ची एफडी, सात टक्क्याच्या आसपास, अडीअडचणीला म्हणून जपून ठेवलेली. वर्षाला सात टक्के मिळवायचे आणि बेचाळीस टक्के भरायचे, असं चाललं होतं.

एफडी मोडायला तो तयार नव्हता, भीती खरी होती, उद्या वडलांना ॲडमिट करावं लागलं तर? तेव्हा ती म्हणाली माझा भिशीचा नंबर लागला की 30,000 येतील, ते घ्या. इथे मी मध्ये पडले. तिने देऊ केलं हे छान, पण त्या पैशाने नवऱ्याचं कार्ड फेडलं तर आईचीच गोष्ट पुन्हा झाली असती, भले प्रेमाने का होईना. ते पैसे तिच्या नावाच्या खात्यात राहतील, दवाखान्याची वेळ आली तर वापरायचे की नाही हे ती ठरवेल, असं दोघांनी मान्य केलं आणि मग एफडी मोडायची त्याची भीती बरीच कमी झाली. भिशीला कागद नसतो, सगळं ओळखीवर चालतं, त्यामुळे तिथे रक्कम वाढवू नकोस, पुढची बचत पोस्टात किंवा बँकेत आरडीला लाव, एवढं मात्र मी तिला सांगितलं.

एफडीचे 45,000 कार्डाला गेले, राहिलेले साधारण पंधरा हजार फेब्रुवारी-मार्चमध्ये उरणाऱ्या नऊ आणि सुटलेल्या तीन हजारांतून फिटले. बचतीची सुरुवात त्यांनी पाडव्याच्या पगारापासून केली. तोपर्यंत जानेवारीच्या सगळ्या बंद्या मी रद्द करायला लावल्या होत्या, मुलीला महिन्यातून एकदा पावभाजी खाऊ दे की! एक्सेलही बंद. पगार झाला की दुसऱ्या दिवशी 10,000 आपोआप वेगळ्या खात्यात जातात, फक्त वर्षाच्या खर्चांसाठी, त्या खात्याला यूपीआय जोडलेलं नाही. गावचे 7,000 उघडपणे जातात, आणि भावाने निदान औषधांचं बघावं हे वडलांशी ती बोलली, तो नाही, कारण सुनेचं ते ऐकतात. घरखर्चाच्या त्या 30,000 मधूनच दोघांना दीड-दीड हजार असे ठेवलेत की ज्याचा हिशोब कोणी कोणाला विचारायचा नाही. यावर मी फार आग्रही असते आणि रक्कम दोघांना सारखीच हवी, पगार कितीही वेगळे असोत. वाण त्यातून की घरखर्चातून यावर थोडी घासाघीस झाली, शेवटी अर्धं-अर्धं ठरलं.

खरी बचत म्हणाल तर महिन्याला 2,000 फक्त. तो जरा खट्टू झाला होता, ऑफिसातले लोक वीस-वीस हजारांची एसआयपी सांगतात म्हणे. पण जूनमध्ये फीचा पहिला हप्ता कार्डाला हात न लावता भरला गेला तेव्हा त्याने मला शाळेच्या पावतीचा फोटो पाठवला.

एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. या केसमध्ये दोघंही लपवत होते पण दोघांनाही घर चालवायचं होतं. जिथे नवरा बायकोचा पगार काढून घेतो, एटीएम कार्ड स्वतःकडे ठेवतो, औषधाला आणि मुलांच्या फीलाही पैसे देत नाही, तिथे 'बचतीचा संकल्प' हे नाव देऊन ते झाकू नका. 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात आर्थिक छळ हा हिंसाचारच धरलाय. तिथे एकत्र बसून हिशोब मांडायचा सल्ला मी देत नाही, बाईने आधी एकटीने येऊन बोलावं, किंवा 181 या महिला हेल्पलाईनवर फोन करावा, आणि महिना संपायची वाट बघू नये.